सिलोनमागच्या हाका

१

मोहोरवाडीच्या नबीलाल दर्ज्याला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. ओठांत सुई धरूनही तो बोलायचा. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता त्याच्या भावकीतल्या भांडणाचा निकाल लावायचा, आणि गिऱ्हाईक निघून गेलं की खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याशी बोलणं पुढं चालू ठेवायचा. बायको सरवरी मागच्या अंगणापलीकडं, पत्र्याच्या घरात काजं-बटणं करत बसे. माहेरच्या बायका विचारायच्या, एवढी बडबड तू सोसतेस कशी? ती म्हणायची, "वारं वाजतं तसं वाजतंय. कान देतंय कोन?"

दुकान राहुरीच्या रस्त्याला, एसटी थांबते त्या कडुनिंबासमोर. दगडामातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर पडायचा, आणि खालच्या तुळया बिचाऱ्या वर्षागणिक जास्त ओझं वाहायच्या. भिंतीतल्या कोनाड्यात बॅटरीवरचा रेडिओ. त्याला सरवरीनं विणलेलं झाकण होतं आणि एरियलची तार माळवदावरून थेट कडुनिंबापर्यंत गेलेली होती.

साल एकोणीसशे सत्तर. दिवाळी तोंडावर आलेली. अर्ध्या गावाचे कपडे नबीलालच्या दुकानात ढिगानं पडलेले. तिकडं मुळेच्या धरणात पाणी साठू लागलं होतं, आणि कधीमधी दुपारच्या शांततेत बायकांच्या मांडणीवरची भांडी आपसूक किणकिणत. कोयनेचा हादरा लोक विसरले नव्हते, पण म्हणायचे, "ट्रक गेला असंल." मोहोरवाडीत ट्रक आठवड्यातून एखादा यायचा, हे कुणी बोलून दाखवत नसे.

दुपारी सिलोन लागे. लांबचं स्टेशन ते. गाणं अगदी जवळ यायचं, मग विहिरीत उतरल्यासारखं खोल जायचं, पुन्हा वर यायचं. नबीलालला त्याची इतकी सवय झाली होती की गाणं विहिरीत गेलं की मधला वेळ तो स्वतः बोलून भरून काढायचा.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. गाणं खोल गेलं, आणि त्या खोलातून शिवणयंत्राचा आवाज आला.

नबीलाल हसला. आपलंच मशीन रेडिओत घुसतंय. त्याच्या मशीनला एक खोड होती: पायडल खाली जाताना कुरकुरायचं आणि वर येताना जीभ टाळ्याला लावल्यासारखं चुकचुकायचं. कुर्र-चुक, कुर्र-चुक. अगदी तेच.

त्यानं पाय उचलला. मशीन थांबलं.

रेडिओतलं थांबलं नाही. कुर्र-चुक, कुर्र-चुक. कुणीतरी सावकाश, मन लावून, एक लांब शिवण घालत होतं.

मग सिलोन परत वर आलं. नबीलाल टांगलेल्या सदऱ्याकडं बघून म्हणाला, "ऐकलंस का रं?" आणि सदऱ्यानं उत्तर दिलं नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

२

सरवरीनं सगळं ऐकून घेतलं आणि दातानं दोरा तोडला.

"सिलोनात दर्जी नसत्यात का?"

"आगं पन माझ्या मशीनचा आवाज!"

"मंग तेल घाला मशीनला. तिकडं लोकान्ला तरास व्हतोय."

तिच्या अशा बोलण्यानं नबीलालचं मन ताळ्यावर यायचं. आलंही. दुसऱ्या दिवशी त्यानं तेल घातलं, खोड गेली नाही, पण धीर आला. दुपारी गाणं खोल गेलं तेव्हा तो मुद्दाम मोठ्यानं बोलत राहिला. तरी मधल्या एका श्वासात त्याला रेडिओतून ऐकू आलं, "आरं ही बाही हाय का बोचकं? माझा हात जाईना हिच्यात!"

आवाज राहीबाईचा. गावात दोन गल्ल्यांपलीकडून ओळखू येईल असा. नबीलाल रस्त्यावर जाऊन डोकावला. राहीबाई कुठंच नव्हती. तिची चोळी तर अजून मशीनखालीच होती, एका बाहीची.

त्यानं ती त्याच दिवशी पुरी केली आणि पाठवून दिली. बाही मुद्दाम सैल ठेवली.

दुसऱ्या दिवशी राहीबाई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि चोळी त्याच्या तोंडासमोर नाचवत म्हणाली, "आरं ही बाही हाय का बोचकं? माझा हात जाईना हिच्यात!"

शिवताना अस्तर आत दुमडून बाहीचं तोंडच शिवलं गेलं होतं. नबीलालला यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. राहीबाई बराच वेळ वाट बघत थांबली, मग घाबरली. "ह्याला वारं लागलं जनू," म्हणत चोळी तिथंच टाकून गेली.

संध्याकाळी सरवरी म्हणाली, "रेडिओत राहीबाई बोल्ली तवा तुमचा आवाज आला का?"

"न्हाई."

"आन् आज खरी बोल्ली तवा तुमी काय बोल्ला?"

"काईच न्हाई. वाचाच बसली."

सरवरीनं थोडा विचार केला. विचार करताना ती बटण दाताखाली धरायची. ते काढून ती म्हणाली, "म्हंजी रेडिओ खोटं सांगत न्हाई." एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली, आणि नबीलाल तिथंच बसून राहिला, कारण त्याला ती चेष्टा करेल असं वाटलं होतं.

३

शेटे सर राहुरीच्या शेतकी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. नाव गोरक्ष शेटे, वय तिशीच्या आसपास, लग्न व्हायचं होतं. दिवाळीनंतर संगमनेरला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं आणि त्यासाठी पायाशी रुंद अशी नव्या तऱ्हेची पँट शिवायला टाकली होती. नबीलालच्या मते त्या पायात एक पोतं ज्वारी मावली असती.

सर ती घालून बघायला आले तेव्हा दुकानात आणखी दोघं होते. बाकावर आप्पासाहेब, गावचे ऊसवाले बागायतदार. त्यांच्या घरचा रेडिओ बायकोच्या ताब्यात असल्यामुळं ते रोज दुपारी इथं यायचे. आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलाचा मालक बन्सी, हातात किटली. नबीलालनं सरांच्या एका पायात पँट चढवली आणि राहीबाईची सगळी हकिकत सांगितली.

सर हसले नाहीत. म्हणाले, "सिलोनचं गाणं सरळ इथं येत नाही. ते आधी वर जातं. आभाळात खूप उंच विजेनं भारलेला एक थर आहे, त्याच्यावर आपटून खाली येतं. तो थर हलला की गाणं हलतं."

"त्यो कशानं हालतोय?" बन्सीनं विचारलं.

"सूर्यानं हलतो. वादळानं हलतो. सहा वर्षांमागं अमेरिकेत मोठा भूकंप झाला, त्यानंतर तो थर हललेला यंत्रांवर दिसला. जमीन हलली की वरचं आभाळसुद्धा हलतं, एवढं खरं. काही जण म्हणतात जमीन हलायच्या आधीपासूनच तिथं काहीतरी चाळवतं. त्यावर अजून भांडणं चालू आहेत."

"आन् उद्याचं आज ऐकू येतं, त्याचं काय?"

"ते कुठल्याही थरात बसत नाही, नबीलालभाई. ते तुमच्या डोक्यात बसतं."

आप्पासाहेब यावर खूश झाले. तेवढ्यात गाणं खोल गेलं.

आधी काहीच नव्हतं. मग लाकडाचा आवाज आला, ओझ्यानं भरलेली गाडी चढावर कण्हते तसा, पण लांबलचक. मग मातीचा. बाजरीचं पोतं ओतावं तसा सळसळत राहिला, थांबेचना. आणि मग माणसं.

"नबीलाल! ए नबीलाल!"

आवाज आप्पासाहेबांचा होता. आप्पासाहेब बाकावर बसले होते आणि त्यांचं तोंड बंद होतं.

"पहार आना! आरं पहार कुठं हाय?" हा बन्सी. खऱ्या बन्सीच्या किटलीतून चहाची धार सरांच्या बुटावर पडत होती आणि दोघांनाही ते कळत नव्हतं.

"तुळईला हात लावू नका! आधी माती काढा!" हे शेटे सर. एक पाय पँटमध्ये, एक बाहेर, ते स्वतःचा आवाज ऐकत होते.

"नबीलाल! ओ दे रं! नबीलाल!"

मग रेडिओत शांत झालं. उत्तराची वाट बघावी तसं. चौघंही वाट बघत राहिले. उत्तर आलं नाही, आणि कुण्या एका सुगंधी तेलाची जाहिरात एकदम मोठ्यानं लागली.

पहिल्यांदा बोलले ते आप्पासाहेब. "माझा आवाज आसा हाय?"

"ह्याच्यापरीस वाईट हाय," बन्सी म्हणाला. "रेडिओनं जरा गोड केलाय."

नबीलाल मापाची टेप गळ्याभोवती आवळत म्हणाला, "समदे हायेत. मी कुठं हाय?"

सरांनी दुसरा पाय पँटीत घालायचा प्रयत्न केला. तो पहिल्याच पायाच्या बाजूला गेला.

४

"आपल्या चौघांना एकच भास झाला, असं म्हणता येईल," सर जाताना म्हणाले.

"मंग म्हना की," नबीलाल म्हणाला.

"म्हणतोय. माझं मलाच पटत नाही." मग एसटीच्या पायरीवरून ते पुन्हा वळले. "एक करा. जे ऐकलं त्यातली एक गोष्ट मोडा. एक जरी मोडली, तरी सगळं खोटं ठरेल."

मोहोरवाडी कामाला लागली. आप्पासाहेबांनी नबीलालचं नाव घ्यायचंच सोडून दिलं. "ए... तू... आरं मान्सा," अशी हाक मारू लागले, आणि त्यावर रस्त्यातली चार माणसं वळून बघू लागली. बन्सीनं आपली पहार सासुरवाडीला वांबोरीत नेऊन ठेवली. पहारच नसली तर ती कुठं आहे असं विचारायचा प्रश्न येत नाही, असा त्याचा हिशेब. आणि नबीलालनं ठरवलं की कुणी कसलीही हाक मारो, आपण ओ द्यायची.

तो बन्सीच्या गिऱ्हाइकांना ओ देई. कंडक्टर "चला, राहुरी, राहुरी" ओरडला की ओ देई. आप्पासाहेबांची शेळी गल्लीत ओरडली तरी आतून "ओ!" यायचं, आणि काही दिवसांनी शेळी त्याच्या दुकानासमोरच येऊन उभी राहू लागली.

"त्यापरीस दुकान सोडा चार दिस," सरवरी म्हणाली.

"आन् दिवाळीला गाव उघडं हिंडू दे?"

तेवढं खरं होतं. मशीन बाहेर न्यावं तर त्याचा लोखंडी स्टँड फरशीत गाडलेला. मग नबीलाल बेतायचं, टाचायचं काम कडुनिंबाखाली करू लागला. शिवण मारायची वेळ आली की वर माळवदाकडं बघत आत पळायचा, धाडधाड मशीन मारायचा आणि हातातलं कापड घेऊन बाहेर यायचा. त्या आठवड्यातल्या सगळ्या शिवणी थोड्या पळताना घातल्यासारख्याच दिसायच्या.

रेडिओ मात्र त्यानं बंद केला नाही. ऐकायची भीती वाटे. पण आपल्या पाठीमागं तो काहीतरी बोलला आणि आपण ऐकलं नाही तर, याची त्याहून जास्त. रोज दुपारी गाणं खोल गेलं की तो दाराच्या चौकटीत, एक पाय बाहेर ठेवून उभा राही. लाकूड, माती, हाका. आणि मग ती शांतता. ती रोज जराशी लांबत होती. शेवटी शेवटी तिच्यात एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. माणूस बोलायला सुरुवात करण्याआधी छाती भरून श्वास घेतो, तसा. श्वास आत जायचा, आणि तेवढ्यात सिलोन वर यायचं.

हे त्यानं सरवरीला सांगितलं. रात्रीची भाकर तशीच टाकून ती त्याच्याकडं बघत राहिली. सकाळी ती दुकानात आली, रेडिओच्या पाठीतून बॅटरी ओढून काढली, झाकणासकट रेडिओ काखेत मारला आणि घरी नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवून दिला.

"आता बोल म्हनावं," ती म्हणाली.

५

त्याच दुपारी नबीलाल शेटे सरांची पँट शिवत होता. एका पायाची बाहेरची शिवण तेवढी राहिली होती, ती अर्ध्यावर आली आणि कडुनिंबाखालून सरवरीनं हाक मारली, "भाकर खाता का?"

"ओ!" नबीलाल म्हणाला आणि सुई कापडात तशीच ठेवून उठला. सवयीनं उठला. भूक नव्हती.

तो सरवरीजवळ पोचला तेव्हा बन्सीच्या हॉटेलातल्या कपबशा किणकिणायला लागल्या. "ट्रक आला," कुणीतरी म्हणालं. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. कडुनिंबावरचे कावळे एकदम उठले, न ओरडता. मग खालून कुणीतरी खांदा लावून गाव जरासं उचललं, आणि परत ठेवलं.

बस, एवढंच. घराघरांत भांडी पडली, शाळेची कौलं सरकली, एक भिंत चिरली. कुणाला खरचटलंही नाही. फक्त नबीलालच्या दुकानाच्या तुळयांनी इतक्या वर्षांचं ओझं आता पुरे म्हणावं तसं केलं. आधी लाकूड कण्हलं, लांबलचक. मग माती सुटली आणि सळसळत राहिली, थांबेचना. पांढऱ्या धुळीचा लोट रस्त्यावर आला आणि कडुनिंबाखाली उभं असलेलं सगळं, भाकरीसकट, पांढरं झालं.

धुळीतून आप्पासाहेब पळत आले. सगळा निश्चय विसरून त्यांनी हाक मारली, "नबीलाल! ए नबीलाल!"

बन्सी हॉटेलात शिरला, बाहेर आला. "पहार आना! आरं पहार कुठं हाय?" आणि पहार कुठं आहे ते आठवून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

एसटी थांबली होती आणि पँट न्यायला आलेले शेटे सर तिच्यातून उडी टाकून धावत होते. "तुळईला हात लावू नका! आधी माती काढा!"

नबीलाल त्यांच्या पाठीमागं पाच पावलांवर उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सरवरीनं त्याचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की तिच्या बांगड्या त्याच्या हाडाला रुतत होत्या. ओ द्यायची हीच ती वेळ, हे त्याला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. आठवडाभर शेळीला आणि कंडक्टरला दिलेली ओ आता घशाच्या वर येईना.

"नबीलाल! ओ दे रं! नबीलाल!"

शांत झालं. त्या शांततेत ढिगाऱ्याच्या आत कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

"आरं हाय की हितंच," आतून नबीलालचा आवाज आला. "बोंबलता कशाला?"

६

आप्पासाहेबांना रडू फुटलं. "जित्ता हाय! जित्ता हाय रं!" सगळे ढिगाऱ्यावर तुटून पडले.

आणि आतला आवाज बोलतच राहिला. नबीलाल जसा बोलतो तसाच. "डावीकडनं काढा, तिकडं तुळई टेकलीया. आप्पासाहेब, तुमी वाकू नका, कंबर धरंल. उसाची लागन झाली का? मी म्हन्लं हुतं औंदा उशीर करू नका."

"झाली रं बाबा, झाली," आप्पासाहेब डोळे पुसत माती उपसत होते.

सरवरीनं एकदा ढिगाऱ्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. नबीलालनं तिचा हात सोडवला. आपण बाहेर आहोत हे त्याची अक्कल त्याला सांगत होती. पायाखाली रस्ता होता, डोक्यावर ऊन होतं. पण आवाज आपला होता, आणि आपल्या आवाजाला असं गाडलेलं सोडून पळून जाणं काही त्याच्या जिवाला पटेना. तो पुढं गेला आणि माती काढायला लागला.

"तू कोन रं?" पांढऱ्याफटक माणसाकडं बघून आप्पासाहेब म्हणाले. "जाऊ दे. हे घमेलं धर. नुसता हुभा राहू नगं."

नबीलालनं घमेलं धरलं. ते भरलं की तो नेऊन ओतायचा, परत यायचा. दर वेळी आवाज जरा जवळून यायचा. एकदा तो अगदी हाताखालून म्हणाला, "हां, आता आलात. जपून. कापडं हायेत लोकांची." नबीलालच्या हातातलं घमेलं पडलं आणि आप्पासाहेबांनी त्याला शिवी हासडली.

शेवटी कोपऱ्यातली तुळई मोकळी झाली. चौघांनी मिळून ती रेटली. आतला आवाज म्हणत होता, "बास, बास, आता मी माझा..." आणि उन्हाचा पट्टा आत पडला, तसा तो बंद झाला. शब्द अर्धाच राहिला.

सर सगळ्यात आधी वाकले. मग आप्पासाहेब. मग त्यांच्या खांद्यावरून नबीलाल.

दोन तुळया एकमेकींना अडून कोपऱ्यात तंबूसारखी जागा राहिली होती. मशीन धड होतं. त्याच्यावर, फरशीवर, कपड्यांच्या ढिगावर बोटभर पांढरी माती बसली होती. मशीनचं चाक फिरत होतं, सावकाश, थांबायच्या बेतात. समोरच्या स्टुलावर मातीचा कणही नव्हता. लाकूड स्वच्छ, गुळगुळीत. माळवद पडून माती बसेपर्यंत तिथं कुणीतरी बसून होतं, आणि आत्ताच उठलं होतं.

"कुठं गेला?" बन्सी म्हणाला.

सरांनी हात घालून मशीनखालून पँट ओढून काढली आणि उन्हात धरली. शिवण वरपासून खालपर्यंत पुरी झालेली होती. सरळ, सावकाश घातलेली.

आप्पासाहेब उठायला लागले, आधारासाठी त्यांनी शेजारच्या पांढऱ्या माणसाचा खांदा धरला, त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या पंच्याच्या टोकानं ते तोंड पुसलं. अर्धं पुसून झालं आणि त्यांचा हात थांबला.

शेटे सर पँट मांडीवर घेऊन मातीत खाली बसले.

७

नबीलालचा आवाज दिवाळी झाल्यावर परत आला. तोवर सगळ्या गोष्टीचा उलगडा झाला होता, म्हणजे गावानं तो करून घेतला होता. उलगडा सरांचाच. रेडिओ कोनाड्यात चालू राहिला असणार, थर हललेला असणार, आणि नबीलालचं कधीचं तरी बोलणं त्याच्यातून बाहेर पडलं असणार. चाक धक्क्यानं फिरलं. शिवण आधीच पुरी झाली होती, नबीलालच्या ध्यानात नाही. स्टुलाचं मात्र सरांनी काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

रेडिओ त्या वेळी पिठाच्या डब्यामागं होता, बॅटरीविना. हे सरवरीला माहीत होतं आणि नबीलालला. नबीलालकडं सांगण्यासारखी गोष्ट होती आणि त्यानं ती सांगितली नाही, असं मोहोरवाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

सर तीच पँट घालून संगमनेरला गेले. मुलीकडून होकार आला. लग्नाचं आमंत्रण द्यायला आले तेव्हा नबीलालला बाजूला घेऊन म्हणाले, "पँट झकास झाली. पण परत घातली नाही. चालताना त्या बाजूचा पाय माझ्याआधी निघतो."

दुकानावर पत्रे आले. नबीलाल पुन्हा मशीनवर बसू लागला. गिऱ्हाइकं म्हणायची की हादऱ्यानं माणूस सुधारला. आता तो दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतो, मध्ये तोंड घालत नाही. बाह्या नीट बसतात. राहीबाईनं तर चारचौघांत त्याची तारीफ केली.

सरवरीनं केली नाही. ती काजं करता करता मान वर करून दुकानाकडं कान द्यायची, आणि बराच वेळ तिथून काही ऐकू आलं नाही की हातातलं काम ठेवून दारातून डोकावून यायची. तो पाठमोरा शिवत बसलेला असे.

एके दिवशी दुपारी, घरी जेवताना, तिनं विचारलं, "येक इचारू?"

तो थांबला. तिचं पुरं व्हायची वाट बघत राहिला.

"त्या दिशी तुमी माझ्याजवळ हुता. हात माझ्या हातात हुता. मंग तुमी हात सोडवला आन् त्या धुळीत गेला. समदे पांढरे, कोन कोनाला वळखंना. आत बोलत हुता त्यो बाहेर आला का न्हाई, ते कुनी बघितलं?"

नबीलालनं घास खाली ठेवला. उठला. शांतपणे दारापाशी गेला, बाहेर एकदा बघितलं आणि आतून कडी घातली.

"आता भ्यायचं काम न्हाई," तो म्हणाला. "बाहेरचा बाहेर ऱ्हाईल."

सरवरी त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्या दिवशी आप्पासाहेबांनी पुसलेल्या बाजूकडं आधी, मग दुसऱ्या बाजूकडं.

"व्हय," ती म्हणाली. "आन् आतला?"